लेसरची कंबर : मामा आणि भाची यांचा वाद

लेसरचा झोत दोरीसारखा सरळ आणि सगळीकडे सारख्याच जाडीचा असतो, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाही. प्रत्येक झोत कुठेतरी एका जागी सगळ्यात बारीक असतो आणि त्या जागेच्या पुढे-मागे फुगत जातो. त्या बारीक जागेला झोताची कंबर म्हणतात. चांगल्या लेसरमध्ये झोताच्या मधोमध उजेड सर्वात जास्त असतो आणि कडेकडे तो गाउसच्या घंटाकृती वक्राप्रमाणे उतरत जातो. अशा झोताची तरंगलांबी माहीत असेल, तर दोनच आकडे लागतात : कंबर किती बारीक आणि ती नेमकी कुठे. ते मिळाले की पुढच्या कुठल्याही ठिकाणी झोत किती रुंद असेल ते कागदावर सांगता येतं. हे दोन आकडे काढायचे कसे, यावर मात्र दोन प्रकारची माणसं दोन टोकांना उभी असतात.

संगमनेरसारख्या गावात ही दोन्ही टोकं सापडतात. जगातला पहिला लेसर १९६० साली चालला आणि १९६१ साली इथलं संगमनेर महाविद्यालय सुरू झालं. त्यामुळे लेसर इथे आधी पाठ्यपुस्तकातून आला. आता तो नाशिक-पुणे रस्त्याच्या आजूबाजूच्या गाळ्यांतून आला आहे. सत्काराची स्मृतिचिन्हं, दारावरच्या पाट्या, गणपतीची मखरं, लग्नाच्या स्टेजची अक्षरं, सगळं लेसरवर कापलं जातं. पुढच्या संवादातला मामा असा गाळा चालवतो आणि त्याची भाची भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. दोन्ही माणसं मी उभी केलेली आहेत. त्यांचा वाद मात्र खरा आहे आणि जिथे जिथे लेसर वापरतात तिथे तो चालू असतो.

मामा : हे बघ. एमडीएफची ही पट्टी वीस सेंटीमीटर लांब. एक टोक बेडवर टेकवलं, दुसऱ्या टोकाखाली दोन सेंटीमीटरचा ठोकळा घातला. हेडची उंची हलवायची नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ मारायची, बस. ही बघ रेघ. दोन्हीकडे जाड, मधे बारीक, डमरूसारखी. सगळ्यात बारीक जिथे, तिथे फोकस. त्या जागेपासून नोजलपर्यंत उंची मोजली आणि तेवढाच अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा कापून ठेवला. रोज सकाळी ठोकळा खाली धरायचा, हेड त्याला टेकवायचं, ठोकळा काढून घ्यायचा. यात गणित कुठे लागलं?

भाची : सगळ्यात बारीक जागा दाखवा. बोटानं नको, पेन्सिलीच्या टोकानं दाखवा.

मामा : ही. म्हणजे इथून इथपर्यंत.

भाची : हे सेंटीमीटरभर झालं, मामा. पट्टीला दहास एक असा चढ आहे. रेघेवरचा एक सेंटीमीटर म्हणजे उंचीतला एक मिलिमीटर. आणि तुमच्या दोन इंची लेन्सचा सगळा फोकस तेवढ्यातच संपतो.

मामा : कशावरून?

भाची : तुमच्या ट्यूबचा उजेड १०.६ मायक्रॉनचा. लेन्सवर पडताना झोत सहा मिलिमीटर रुंद धरू. मग कंबरेची रुंदी निघते ०.११ मिलिमीटरच्या आसपास. तिथून वर किंवा खाली एक मिलिमीटर सरकलं की तीच रुंदी सुमारे दीडपट होते. या अंतराला रॅले अंतर म्हणतात. झोत अगदी निर्दोष असेल तेव्हाचा हा हिशेब आहे. खरी ट्यूब याहून थोडी वाईटच असणार.

मामा : दीडपट झाली तर डोळ्याला दिसेल की.

भाची : एक मिलिमीटरला दिसेल. अर्ध्या मिलिमीटरला रुंदी फक्त बारा-तेरा टक्के वाढते, ०.११ची ०.१२ होते. ती नाही दिसणार. म्हणून तर तुमचं बोट ‘इथून इथपर्यंत’ फिरलं.

भाची इथे बरोबर आहे, आणि तिचं बरोबर असणं मामाच्या डोळ्यांच्या कमकुवतपणावर अवलंबून नाही. कुठलीही गोष्ट कमी होत होत तळाला पोचते आणि पुन्हा वाढू लागते, तेव्हा तळाजवळ ती जवळजवळ बदलतच नाही. कंबर म्हणजे रुंदीचा तळ. त्यामुळे कंबर किती बारीक आहे हे विचारायला कंबरेइतकी चांगली जागा नाही, आणि कंबर कुठे आहे हे विचारायला तिच्याइतकी वाईट जागा नाही. या विषयातला सगळा गोंधळ हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतो.

मामा : बरं, मग तू कसं शोधतेस?

भाची : आमच्याकडे हीलियम-निऑनची लाल नळी आहे, ६३२.८ नॅनोमीटरची. झोताच्या वाटेत दाढीचं नवं ब्लेड उभं करते. ब्लेड मायक्रोमीटरच्या स्क्रूवर बसवलेलं असतं. मागे फोटोडायोड, त्याला मल्टिमीटर. स्क्रू फिरवत ब्लेड झोतात सरकवायचं. सुरुवातीला सगळा उजेड डायोडवर पडतो, मग कापला जातो, शेवटी काहीच उरत नाही. पूर्ण उजेडाच्या ८४ टक्के उरला तिथे स्क्रूचा आकडा लिहायचा, १६ टक्के उरला तिथे पुन्हा लिहायचा. दोन्हींतलं अंतर म्हणजे झोताची त्रिज्या.

मामा : ८४ आणि १६च का?

भाची : झोताला स्वतःची कडा नसते. उजेड हळूहळू मावळत जातो. म्हणून कडा कुठे मानायची हे ठरवून घेतलंय : मधल्या उजेडाच्या साडेतेरा टक्के उरतो तिथे. गाउसच्या वक्राचं गणित केलं की ती त्रिज्या आणि ८४ ते १६ हे अंतर बरोबर एकच येतात. खोलीतला उजेड आधी वजा करावा लागतो. झोत झाकून मल्टिमीटर काय दाखवतो ते पहिल्यांदा लिहायचं. ते विसरलं की सगळे आकडे फुगतात.

मामा : हे एका जागी झालं. कंबर कुठे ते कसं कळणार?

भाची : ब्लेड झोताच्या लांबीवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पुन्हा पुन्हा मोजायचं. दूरसुद्धा. दूरच जास्त.

मामा : मला हवीय ती जागा इथे, आणि तू मोजणार लांब जाऊन? माझ्या गाळ्यात असं कोणी सांगितलं असतं तर त्याला मशीनला हात लावू दिला नसता.

भाची : तुम्ही मिरर अलाइन करताना काय करता? मिररवर टेप लावता, हेड जवळ आणून एक ठिपका जाळता, मग हेड बेडच्या लांबच्या कोपऱ्यात नेऊन दुसरा. लांब कशाला नेता?

मामा : जवळ चूक दिसत नाही म्हणून.

भाची : इथेही तेच आहे. समजा, वीस सेंटीमीटरच्या लेन्सनं मी लाल झोत गोळा केला आणि कंबरेची त्रिज्या ८० मायक्रॉन झाली. रॅले अंतर येतं ३२ मिलिमीटर. कंबरेपासून पाच मिलिमीटर चुकून मोजलं तर त्रिज्या ८०ची ८१ होते. माझ्या मायक्रोमीटरचा एक भागच दहा मायक्रॉनचा! मला काहीही कळणार नाही. आता कंबरेच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंटीमीटरवर जाऊ. दोन्हीकडे त्रिज्या २१७ मायक्रॉन यायला हवी. पण मी मधली जागा पाच मिलिमीटर चुकीची धरली असेल, तर एकीकडे २२८ येईल आणि दुसरीकडे २०५. २३ मायक्रॉनचा फरक आहे, स्क्रूचे दोन भाग. तो लपणार नाही.

ही युक्ती लेसरपेक्षा फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात पूर्व-पश्चिम रेषा काढायची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर शंकू रोवायचा आणि त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत जिथे शिरतं आणि दुपारनंतर जिथे बाहेर पडतं, तिथे खुणा करायच्या. त्या खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. वेदी बांधणाऱ्यांना माध्यान्हीची सर्वात आखूड सावली पकडूनही दिशा काढता आली असती. पण माध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी बदलतच नाही, नेमका क्षण हातातून निसटतो. सकाळी आणि दुपारी सावली भराभर बदलते, तेव्हाची खूण पक्की बसते. भाचीचं ब्लेड आणि तो शंकू एकच काम करतात. किमान बिंदू शोधायचा तर त्याच्यावर टक लावून बसण्यापेक्षा त्याच्या दोन्ही बाजूंची सारखी मापं शोधून मधोमध निशाण करावं. मोजमापाच्या शास्त्रातली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, कारण तिच्यासाठी चांगलं उपकरण लागत नाही, प्रश्न योग्य ठिकाणी विचारावा लागतो.

मामानं ते लगेच उचललं. कारागिराला तत्त्व पटलं की तो वाद घालत बसत नाही, हत्यार उचलतो. त्यानं पट्टी पुन्हा घेतली, खणातून मापाचं भिंग काढलं आणि रेघ ज्या दोन ठिकाणी अर्धा मिलिमीटर रुंद होती तिथे पेन्सिलीनं आडव्या खुणा केल्या. मग पट्टीनं मध्य काढला.

मामा : हे बघ. मी म्हणत होतो त्याच पट्ट्यात आली, पण त्याच्या एका कडेला.

भाची : आणि आता टोकानं दाखवता येतेय.

मामा : म्हणजे माझी रीत बरोबरच होती. फक्त बघायचं कुठे ते बदललं. ब्लेड नको, डायोड नको.

भाची : जागेपुरती बरोबर. पण रेघेची रुंदी मोजून ‘माझा बीम एवढा’ असं सांगाल, तर ते चूक.

मामा : रेघ बीमनंच मारलीय ना?

भाची : बीमनं जाळलेली आहे. लाकूड जळायला किमान एक तीव्रता लागते. त्या उंबरठ्याच्या वर उजेड असेल तेवढीच जागा काळी होते. मधे उजेड जास्त, म्हणून तिथे जळतं. कडेला उजेड आहे, पण जळण्याइतका नाही. तीच पट्टी, तोच फोकस, पण पॉवर दुप्पट केलीत तर रेघ जाड होईल. बीम काही जाड झालेला नसतो.

मामा : आणि हेडचा स्पीड कमी केला तरी होते. ते रोजचंच आहे.

भाची : मग रेघेच्या जाडीला बीमचं माप कसं म्हणता?

मामा : पण जागा तीच राहते. पॉवर कमी-जास्त कर, स्पीड बदल, डमरूची मधली जागा हलत नाही.

मामाचं हे निरीक्षण पक्कं आहे, आणि पुस्तकी माणसं ते कमी लेखतात म्हणून थोडं थांबून सांगतो. उंबरठा कुठेही असला, तरी कंबरेच्या वर एक मिलिमीटर आणि खाली एक मिलिमीटर झोत सारखाच असतो. म्हणून जळालेली रेघ दोन्हीकडे सारखीच खोटं बोलते. दोन्ही खोट्यांचा मध्य खरा येतो. रुंदीवर विश्वास ठेवू नये, सममितीवर ठेवावा. एक अट आहे : लेन्स नीट बसलेली हवी. या मशीनची लेन्स एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं फुगीर असेल, तर फुगीर बाजू वर, येणाऱ्या झोताकडे हवी. साफसफाई करताना ती उलटी बसली तर कंबर जाड होते आणि डमरूची एक बाजू दुसरीसारखी दिसत नाही. तेव्हा मध्य काढण्याला अर्थ उरत नाही. म्हणजे डमरू बघून लेन्स उलटी आहे का हेही कळतं, जे नुसती बारीक जागा शोधणाऱ्याला कळणार नाही.

मामा : बरं, माझ्या जाळण्यातून बीमचं खरं माप काढायचंच म्हटलं तर? तुझं ब्लेड माझ्या बीमखाली नको. चमकदार पोलादावरून बीम उडाला तर कोणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही, आणि हा बीम डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

भाची : आणि माझा डायोड सिलिकॉनचा. १०.६ मायक्रॉनचा उजेड त्याला समजतच नाही. उष्णतेवर चालणारा पॉवर मीटर लागेल. पण जाळूनसुद्धा माप निघतं. १९८२ साली जे. एम. लिऊ यांनी ही रीत मांडली. हेड एका जागी ठेवायचं, छोटा पल्स मारायचा, ठिपका बघायचा. नवी जागा, दुप्पट पॉवर, पुन्हा ठिपका. मग चौपट. ठिपक्यांच्या व्यासांचे वर्ग करायचे. पॉवर दुप्पट होईल तेव्हा व्यासाचा वर्ग दर वेळी तेवढ्याच आकड्यानं वाढतो. त्या वाढीला १.३९नं भागलं की झोताच्या त्रिज्येचा वर्ग मिळतो.

मामा : आकडे टाकून सांग.

भाची : समजा, ठिपके आले ६७, ९५ आणि ११६ मायक्रॉनचे. वर्ग साधारण ४,५००, ९,००० आणि १३,५००. वाढ दर वेळी ४,५००. १.३९नं भागलं, सुमारे ३,२४० आले. वर्गमूळ ५७. त्रिज्या ५७ मायक्रॉन, म्हणजे रुंदी ०.११ मिलिमीटर. लाकडाचा उंबरठा किती होता हे कळायचीसुद्धा गरज पडली नाही.

मामा : एक अडचण आहे. स्क्रीनवर ४० टक्के म्हणजे २० टक्क्यांच्या दुप्पट पॉवर नसते. ट्यूब खाली खाली तर फायरच होत नाही. मी मिलिअ‍ॅम्पिअरच्या मीटरवर जातो, पण तोही सरळ हिशेबात चालत नाही.

भाची : हे मला माहीत नव्हतं. मग पॉवर वेगळी मोजूनच घ्यावी लागेल. आणि पल्स खरोखर छोटा हवा. उष्णता आजूबाजूला पसरायला वेळ मिळाला की ठिपका मोठा होतो आणि हिशेब बिघडतो.

जाता जाता एक नोंद. मामाच्या गाळ्यातली कार्बन डायऑक्साइड ट्यूब ज्यांच्यामुळे आली, ते सी. के. एन. पटेल बारामतीत जन्मले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर चालवून दाखवला. भाचीच्या हीलियम-निऑन लेसरचा जन्मही त्याच प्रयोगशाळेतला, १९६०च्या अखेरीचा. आणि झोताची कंबर, झोताचं पसरणं, आरशांशी असलेलं त्याचं नातं हे सगळं गणित व्यवस्थित मांडणारा कोगेलनिक आणि ली यांचा १९६६चा प्रसिद्ध लेखही तिथूनच निघाला. गाळा आणि प्रयोगशाळा यांचं मूळ एकाच छपराखाली होतं.

मामा : आता मी विचारतो. तुझ्या लाल नळीची स्वतःची कंबर कुठे असते?

भाची : नळीच्या आत. एक आरसा सपाट आणि एक किंचित खोलगट असेल तर सपाट आरशावर.

मामा : तिथे ब्लेड घालून दाखव.

भाची : नाही घालता येत.

मामा : मग माझी पट्टी बरी. माझी कंबर निदान उघड्यावर आहे.

भाची : म्हणून लेन्स लावून उघड्यावर दुसरी कंबर तयार करते. ती मोजली की उलट हिशेब करून आतली सापडते. प्रमाणित रीतही हेच सांगते.

मामा : लेन्स लावली की कंबर तिच्या फोकल लेंग्थवर येणार. वीस सेंटीमीटरची लेन्स, वीस सेंटीमीटरवर कंबर. त्यात मोजायचं काय?

भाची : इथेच फसायला होतं. नळीतल्या कंबरेची त्रिज्या ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, तिचं रॅले अंतर पाऊण मीटरच्या घरात जातं. लेन्स नळीपासून किती दूर ठेवली यावर नवी कंबर वीस सेंटीमीटरच्या पुढे वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत सरकू शकते. आणि आतली कंबर लेन्सच्या बरोबर वीस सेंटीमीटर मागे असेल, तर नवी कंबर बरोबर वीस सेंटीमीटर पुढे येते. शाळेतल्या किरणांच्या आकृतीनुसार ती अनंत अंतरावर जायला हवी होती.

मामा : मग शाळेतलं चूक?

भाची : दिव्याच्या ज्योतीसाठी बरोबर. झोत हा किरणांचा जुडगा धरला की बरोबर उत्तर येत नाही. लाटा धराव्या लागतात.

प्रमाणित रीत म्हणजे आयएसओ १११४६. ती मी मुद्दाम सांगतो, कारण मामा आणि भाची दोघांचाही हट्ट तिच्यात बसतो. झोताच्या लांबीवर किमान दहा ठिकाणी रुंदी मोजा, असं ती म्हणते. त्यातली निम्मी मापं कंबरेच्या दोन्ही बाजूंना एका रॅले अंतराच्या आत हवीत आणि निम्मी दोन रॅले अंतरांच्या पलीकडे. जवळची मापं कंबर किती बारीक ते सांगतात, दूरची मापं झोत किती वेगानं पसरतो आणि कंबर कुठे ते सांगतात. मग प्रत्येक त्रिज्येचा वर्ग करून अंतरासमोर मांडायचा. बिंदू पॅराबोलावर बसतात. पॅराबोलाचा तळ जिथे ती कंबरेची जागा, तळाची उंची म्हणजे कंबरेच्या त्रिज्येचा वर्ग, आणि पॅराबोला किती उघडा आहे त्यावरून झोत आदर्श झोतापेक्षा किती वाईट ते कळतं. त्या वाईटपणाला एम-वर्ग म्हणतात. आदर्श झोताचा एम-वर्ग १. मामाची ट्यूब म्हातारी होऊ लागली किंवा तिचा झोत अनेक ठिपक्यांत फुटू लागला, की हा आकडा चढतो आणि कंबर जाड होते. फक्त बारीक जागा पाहणाऱ्याला ‘हल्ली कटिंग पूर्वीसारखं येत नाही’ एवढंच कळतं.

मामा : दहा ठिकाणी मोजायचं, वर्ग करायचे, आलेख काढायचा. माझं गिऱ्हाईक बाहेर उभं असतं.

भाची : रोज नको. नवी लेन्स बसवली, ट्यूब बदलली, तेव्हा एकदा.

मामा : आणि जिथे मोजताच येत नाही तिथे? दहा ठिकाणी कोण कसं पोचणार?

भाची : अशी एक जागा आपल्याच राज्यात होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ.

मामा : नागनाथाच्या तिथे? ते लायगो ना, गुरुत्वीय लहरींचं?

भाची : तेच. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटरची. अमेरिकेत असे दोन डिटेक्टर चालू आहेत, त्याच आराखड्याचा हा तिसरा. प्रत्येक भुजेच्या दोन टोकांना दोन आरसे, प्रत्येकी चाळीस किलोचे, आणि मधे हवा काढून टाकलेली नळी. त्या नळीत झोत मागे-पुढे फिरत राहतो. अमेरिकेतल्या आराखड्यात कंबरेची त्रिज्या १२ मिलिमीटर आहे, आतल्या आरशापासून १,८३४ मीटरवर.

मामा : मिलिमीटरमध्ये मोजतात आणि दोन किलोमीटर आत? तिथे कोण ब्लेड धरतं?

भाची : कोणीच नाही. तिथे काही घालताच येत नाही. आरशांच्या वक्रतेवरून कळतं. एका आरशाची वक्रता त्रिज्या १,९३४ मीटर, दुसऱ्याची २,२४५ मीटर. आरशावर पोचेपर्यंत झोताची त्रिज्या ५.३ सेंटीमीटर होते, दुसरीकडे ६.२. हे आकडे वापरले की मधली कंबर गणितातून एकाच जागी पडते. मी वहीत करून पाहिलं, बरोबर १,८३४ येतात.

मामा : म्हणजे दोन्ही टोकं मोजली आणि मधलं काढलं.

भाची : आणि ते काढून भागत नाही. बाहेरून सोडलेल्या लेसरची कंबर त्या कंबरेशी जुळवावी लागते, मापानं आणि जागेनंही. जुळली नाही तर तेवढा उजेड भुजेत शिरत नाही, वाया जातो. २०१५ साली दोन कृष्णविवरांची पहिली लहर पकडली गेली. तेव्हा भुजांच्या लांबीतला बदल प्रोटॉनच्या आकाराहूनही कित्येक पटींनी लहान होता. तिथे वाया गेलेला उजेड परवडत नाही.

मामा : ते राहू दे. माझं दहा मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक कापताना कट तिरका येतो. वर एक रुंदी, खाली दुसरी. कंबर कुठे आहे ते आज कळलं. ती कुठे ठेवू ते सांग.

भाची : निम्म्या जाडीत. पण दोन इंची लेन्सवर तरीही जमणार नाही. मधोमध कंबर ठेवली तर वरच्या आणि खालच्या पृष्ठावर झोताची त्रिज्या ०.३० मिलिमीटर होते. चार इंची लावा. तिची कंबर दुप्पट जाड, पण रॅले अंतर चौपट, जवळजवळ चार मिलिमीटर. पृष्ठांवर त्रिज्या येते ०.१९.

मामा : जाड कंबरेची लेन्स कडेला बारीक पडते?

भाची : हो. अक्षरांना दोन इंची, जाड शीटला चार इंची.

मामा : चार इंची आहे माझ्याकडे, वापरत नव्हतो. पण निम्म्या जाडीचं मला पटत नाही. मी कंबर वरच्या पृष्ठाच्या थोडी खाली ठेवतो, दोन-तीन मिलिमीटर. अ‍ॅक्रिलिकच्या खाचेत उजेड भिंतींना आपटून आपोआप खाली उतरतो. कापताना भिंत चकचकीत होते, ती आरशासारखंच काम करते.

भाची : ते माझ्या सूत्रात नाही. सूत्र मोकळ्या हवेतल्या झोताचं आहे.

मामा : मग सूत्र बाजूला ठेव. कापून बघू. कंबर पृष्ठावर, दोन मिलिमीटर खाली, चार खाली, पाच खाली. चार तुकडे.

भाची : पॉवर आणि स्पीड चारही वेळा तोच ठेवायचा. आणि त्याआधी चार इंची लेन्सची पट्टी जाळायची. जुना ठोकळा तिला चालणार नाही.

मामा : पट्टी मी जाळतो, खुणा तू कर. खाचेची वरची रुंदी तू मोज, खालची मी.

भाची : नको. वरची आणि खालची दोन्ही एकाच माणसानं मोजायला हवी. तुमचा हात आणि माझा हात यांतला फरक नाहीतर कटच्या तिरकेपणात मिसळेल.

मामा : मग तूच मोज. भिंग माझं घे, त्यातली पट्टी मिलिमीटरच्या दहाव्या भागाची आहे.

भाची : दहाव्या भागानं पुरणार नाही. उद्या कॉलेजातून ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप वापरायची परवानगी काढते, तुकडे मी तिकडे घेऊन जाते. तुम्ही प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू कुठली ते खडूनं लिहून ठेवा.